आठ मार्चच्या सहीचं काय झालं?

प्रति,
मा. अध्यक्ष, इंडियन बँक्स असोसिएशन, मुंबई, आणि
मा. सचिव, वित्तीय सेवा विभाग, केंद्रीय अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सरकारी बँकेच्या शाखेत हेड कॅशिअर आहे. १९८९ साली रिक्रूटमेंट बोर्डाची परीक्षा देऊन लिपिक म्हणून लागले, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. ज्या बँकेत लागले ती आता नाही. १ एप्रिल २०२० ला ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. त्या आठवड्यात सगळा देश घरात बसला होता आणि आम्ही तोंडाला रुमाल बांधून बायकांच्या जनधन खात्यांतले पाचशे-पाचशे रुपये वाटत होतो. पुढे पाटी बदलली, पासबुकाचा रंग बदलला, काउंटरमागची माणसं तीच राहिली. गेली सोळा वर्षं मी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेची शाखा प्रतिनिधी आहे. माझ्या बँकेचं नाव इथे लिहीत नाही. जे सांगणार आहे ते एका बँकेपुरतं नाही, आणि माझ्या सहकाऱ्यांना माझ्या पत्राचा त्रास व्हायला नको.

पत्र तुम्हाला लिहिते आहे, पण ते आमच्या खातेदारांनीही वाचावं असं मला मनापासून वाटतं. सगळ्या शनिवारी सुट्टी, म्हणजे पाच दिवसांचा आठवडा, या मागणीसाठी २७ जानेवारी २०२६ ला आम्ही संप केला. २४ ला चौथा शनिवार, २५ ला रविवार, २६ ला प्रजासत्ताक दिन आणि त्याला जोडून आमचा मंगळवार. २८ ला काउंटर उघडल्यावर एक निवृत्त मास्तर मला म्हणाले, ‘बाई, तुम्हाला सुट्ट्या कमी पडतात का हो?’ ते रागावून बोलले नाहीत. तीस वर्षांचे खातेदार आहेत, त्यांचा तो हक्कच आहे. पण रांग मोठी होती आणि तिथे उभ्या उभ्या मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. हे पत्र त्या उत्तरासाठीही आहे.

कॅश काउंटरवर बसणाऱ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती सही जुळवायला. चेक आला की तारीख बघायची, अक्षरी आणि आकडी रक्कम एक आहे का ते बघायचं, मग सही. सही जुळली, खात्यात पैसे असले, की द्यायचे. समोरचा माणूस आवडतो की नाही, आपली चहाची वेळ झाली की नाही, याचा संबंध नाही. सही करून पैसे न देणाऱ्याला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागतं. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे भरले नाहीत तर खटला उभा राहतो. आमच्याकडचे ऊस बागायतदार, बारदान विकणारे, गवंडी, सगळ्यांना हे कलम नंबरानिशी पाठ आहे. चेकची मुदतही तीनच महिने असते, त्यानंतर तो आम्ही परत करतो.

८ मार्च २०२४ ला इंडियन बँक्स असोसिएशनने, म्हणजे बँकांच्या व्यवस्थापनांच्या संघटनेने, आमच्या संघटनांबरोबर एका कागदावर सही केली.

तो दिवस मला नीट आठवतो. महाशिवरात्र होती, बँकेला सुट्टी होती, महिला दिनही त्याच दिवशी आला होता. घरात उपासाचं चाललं होतं आणि फोनवर संघटनेचा निरोप आला की बारावा द्विपक्षीय करार, म्हणजे बँका आणि संघटना यांच्यातला पगाराचा आणि कामाच्या अटींचा करार, झाला. पगारवाढ १७ टक्के, १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू. बायकांना महिन्यातून एक दिवस आजारपणाची रजा, डॉक्टरच्या सर्टिफिकेटशिवाय. हे वाचून मला रडू आलं, कारण नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांत ते चार दिवस मी नोटांच्या बंडलांसमोर कसे काढले ते माझं मला ठाऊक. आणि त्याच दिवशीच्या कागदावर हेही होतं की सगळे शनिवार सुट्टीचे करावेत यावर इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटना यांचं एकमत आहे, असोसिएशनने तशी शिफारस सरकारला केली आहे आणि मंजुरी आली की ते लागू होईल. त्याबदल्यात सोमवार ते शुक्रवार आम्ही रोज ४० मिनिटं जास्त काम करायचं. आम्ही ते मान्य केलं होतं आणि आजही करतो.

मंजुरी आलेली नाही. येत्या ८ मार्चला दोन वर्षं होतील.

आता मास्तरांना जे सांगायचं राहिलं ते सांगते. रोजची ४० मिनिटं म्हणजे आठवड्याला ३ तास २० मिनिटं. महिन्याचे २२ दिवस धरले तर १४ तास ४० मिनिटं. लिपिकाचे कामाचे तास दिवसाला साडेसहा, म्हणजे पहिला आणि तिसरा असे दोन शनिवार मिळून १३ तास. ज्या महिन्यात पाचवा शनिवार येतो तो सोडला तर आम्ही बँकेला तास कमी देत नाही, थोडे जास्तच देतो. बँक दुपारी लवकर बंद होते ही खातेदारांची तक्रार आहे, ती या ४० मिनिटांनी थोडी तरी हलकी होईल. आणि आम्ही काही जगावेगळं मागत नाही. केंद्र सरकारच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ पासून आहे. महाराष्ट्र सरकारने तो २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू केला. आयुर्विमा महामंडळात मे २०२१ पासून आहे. रिझर्व्ह बँकेत आहे, शेअर बाजार शनिवारी बंद असतो. आमच्या गावात तहसील कचेरी शनिवारी बंद, समोर आमची शाखा उघडी. आणि आम्हाला आज जे दोन शनिवार मिळतात ते १ सप्टेंबर २०१५ पासून, तेही दहाव्या करारात लिहून घेतले म्हणून मिळाले. त्याआधी शनिवारी अर्धा दिवस असायचा, आणि तो अर्धा दिवस दुपारी चारला संपायचा.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी लपवत नाही. आमच्या गावचा आठवडी बाजार शनिवारीच भरतो. वाड्यावस्त्यांवरची माणसं बाजाराला आली की बँकेचं काम उरकून जातात. त्यांच्यासाठी काय करायचं याचा विचार आमच्या शाखेत झाला आहे. रोजच्या वाढीव वेळेत शुक्रवारचा एक तास फक्त ग्रामीण खातेदारांना द्यावा, बाजाराच्या दिवशी बँक मित्राला, म्हणजे बँकेच्या वतीने गावात पैसे देणाऱ्या-घेणाऱ्या प्रतिनिधीला, बाजारतळावर बसवावं आणि त्याला पुरेसं कमिशन द्यावं, एटीएममध्ये शनिवारी सकाळी नोटा असाव्यात. हे होण्यासारखं आहे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ऑनलाइन पैसे पाठवायचं एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, बाराही महिने चालतं. शनिवारी काउंटर बंद असल्याने व्यवहार थांबतात ते दिवस मागे पडले आहेत.

सुट्टीचाच प्रश्न असता तर मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या कामात काय काय बदललं आणि ते कुणाच्या खांद्यावर पडलं, हे दिल्ली-मुंबईत बसून दिसत नसावं, म्हणून सांगते.

जुलै २०२४ मध्ये राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली. रक्षाबंधनाच्या आठवड्यात पहिले तीन हजार जमा व्हायला लागले आणि सकाळी आठपासून शाखेच्या पायऱ्यांवर बायका बसलेल्या असायच्या. आधार जोडलेलं नाही, खातं बंद पडलेलं, पैसे दुसऱ्याच बँकेतल्या जुन्या खात्यात गेलेले, नाव आधारवर एक आणि पासबुकात माहेरचं. एकेकीला समजावायला दहा मिनिटं लागत. मला त्या बायकांचा कंटाळा कधी आला नाही. स्वतःच्या नावाचे पैसे स्वतःच्या हाताने काढताना त्यांच्यातल्या कित्येकींचा चेहरा मी पहिल्यांदा इतका मोकळा बघितला. पण त्या गर्दीत राज्यभर ठिकठिकाणी कर्मचाऱ्यांना शिवीगाळ झाली, काही ठिकाणी हात उगारले गेले. आमच्याकडे काचेवर एकाने खुर्ची मारली. सुरक्षारक्षक नव्हता, कारण खर्च कमी करायचा म्हणून तो आधीच काढून टाकलेला. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला माझ्याबरोबर आला तो संघटनेचा जिल्हा सचिव. वरच्या कार्यालयातून फोन आला तो शाखा किती वाजता पुन्हा सुरू होणार एवढंच विचारायला.

त्यानंतरचं २०२५ हे वर्ष तर पुराच्या पाण्यासारखं आलं. एप्रिलच्या सुरुवातीला मराठी बोलण्यावरून बँकांच्या शाखांत आंदोलनं झाली. आमच्या नऊ संघटनांच्या संयुक्त मंचाने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेची मागणी केली. १ मे ला, कामगार दिनी आणि महाराष्ट्र दिनी, ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ धोरणाखाली राज्यातल्या दोन ग्रामीण बँकांची एक बँक झाली. देशभरात ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. १ जुलै ते ३० सप्टेंबर ग्रामपंचायतींमध्ये शिबिरं भरवायची मोहीम आली. २०१४ साली उघडलेल्या जनधन खात्यांना दहा वर्षं झाली, त्यांचं केवायसी नव्याने करायचं होतं. ४ ऑक्टोबरपासून चेक क्लिअरिंग दिवसभर सलग सुरू झालं. चेक ज्या बँकेवर काढलेला आहे तिने संध्याकाळी सातपर्यंत होय की नाही सांगायचं, नाहीतर तो मंजूर धरला जाणार. सुरुवातीला दिवाळीच्या तोंडावर चेक अडकले, तेव्हा व्यापाऱ्यांनी जाब विचारला तो काउंटरवर. त्याच महिन्यात बेवारस ठेवींच्या वारसांना शोधायची मोहीम, १ नोव्हेंबरपासून चार नावांपर्यंत नामनिर्देशन, आणि २१ नोव्हेंबरला चारही कामगार संहिता लागू.

यातली बहुतेक कामं चांगलीच आहेत. कुणाची विसरलेली ठेव त्याच्या नातवाला मिळणं यापेक्षा समाधानाचं काम बँकेत दुसरं नाही. माझी तक्रार कामांबद्दल नाही. ती करायला माणसं कुठे आहेत, हे मला विचारायचं आहे. २०११ साली आमच्या शाखेत दोन शिपाई धरून अकरा जण होतो. आज पाच आहोत. जुलैत शिबिराला दोघं गेले की तिघांत कॅश, क्लिअरिंग, कर्ज, पासबुक छपाई आणि दिवसभर ‘सर्व्हर डाऊन आहे, थोडं थांबा’ सांगणं. एका शिबिरात मी स्वतः होते. सत्तरीची एक आजी, जन्मभर ऊसतोडणी केलेली, तिचा अंगठा मशीनवर लागेना. अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नव्हत्या. दहाही बोटं लावून झाली, हात पुसून झाले, ओलं फडकं लावून झालं. शेवटी मी कागदी फॉर्म भरला, साक्षीदार शोधला, फोटो घेतला. पाऊण तास गेला. संध्याकाळी व्हिडिओ बैठकीत विचारणा झाली की तुमच्या शिबिराचा आकडा एवढा कमी का. त्या पाऊण तासाला तुमच्या तक्त्यात रकाना नाही.

हे आमच्याच शाखेत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीवरून संघटनेने मांडलेला हिशेब असा की २०१३ साली सरकारी बँकांत सुमारे ८ लाख ८६ हजार माणसं होती, २०२४ मध्ये सुमारे ७ लाख ४६ हजार उरली. लिपिक चार लाखांच्या आसपास होते, ते अडीच लाखांच्या खाली आले. या काळात खाती किती वाढली ते तुम्हीच दर वर्षी अभिमानाने सांगता.

संघटना या सगळ्यात काय करते, असं नवी मुलं मला विचारतात. वर्गणी कशाला द्यायची, पगारवाढ तर सगळ्यांनाच मिळते. मी त्यांना आमच्या शाखेतलीच एक गोष्ट सांगते. मूळचा तेलंगणातला एक तरुण अधिकारी आमच्याकडे बदलून आला. अधिकाऱ्यांची बदली देशात कुठेही होते, त्यात त्याचा दोष काय? आला तेव्हा त्याला ‘पैसे’ एवढाच मराठी शब्द येत होता. खातेदाराला त्याच्या भाषेत उत्तर मिळालंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बँक त्या गावची आहे आणि गाव मराठी बोलतं. पण ते शिकवायची जबाबदारी त्याला इथे पाठवणाऱ्यांनी उचलली नाही. एप्रिलमधल्या त्या दिवसांत तो भेदरून गेला होता, दोन दिवस आतल्या खोलीत बसून राहिला. मग संघटनेतल्या एका निवृत्त बाईंनी रविवारी सकाळी त्याला आणि शेजारच्या शाखांतल्या तिघांना मराठी शिकवायला सुरुवात केली. क्रमिक पुस्तक नाही, नुसती काउंटरवरची वाक्यं. ‘आजी, बसा. पासबुक द्या. पैसे आले आहेत.’ दिवाळीनंतर एका म्हातारीने त्याला विचारलं, ‘बाळा, पैसं आलं का?’ तर तो म्हणाला, ‘आलं, आजी, पंधराशे आलं.’ म्हातारीने काचेतल्या फटीतून हात घालून त्याच्या मनगटाला हात लावला आणि बोटं कानशिलावर मोडली. याच मुलाला डिसेंबरात एका संध्याकाळी, वसुलीच्या आकड्यावरून फोनवर झालेल्या बोलाचालीनंतर, छातीत दुखायला लागलं. त्याला दवाखान्यात नेलं ते संघटनेच्या लोकांनी, रात्रभर त्याच्याजवळ बसले तेही, आणि सकाळी गावाकडे त्याच्या आईला फोन करून तेलुगूत बोलू शकणारा माणूस शोधला तोही संघटनेने. आता तो बरा आहे. वर्गणीचं विचाराल तर आमच्या शाखेत ती सगळ्यात आधी तोच देतो.

आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण ती माझ्या मनाला सगळ्यात जास्त टोचते. बँकेत विमा विकायची सक्ती. एका ठरलेल्या दिवशी प्रत्येक शाखेने इतक्या पॉलिसी काढल्याच पाहिजेत असा निरोप येतो आणि दुपारपासून दर तासाला विचारणा होते. आमच्याकडे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुदतठेव करायला आले होते. मुलीच्या लग्नासाठी दोन वर्षांनी पैसे लागणार होते. त्यांच्या पैशांतला मोठा भाग विम्याच्या पॉलिसीत गेला. कागदावर सही त्यांचीच आहे, पण आपण कशावर सही केली ते त्यांना कळलेलं नव्हतं. ती रक्कम मी मोजून घेतली होती. दोन वर्षांनी ते पावती घेऊन आले आणि मला म्हणाले, ‘ताई, तुम्ही होता ना तिथे?’ मी होते. पॉलिसी विकणाऱ्या मुलाला मी वाईट म्हणणार नाही, त्याच्यावर त्या दिवशी काय दबाव होता ते मी बघत होते. पण माणूस बँकेत येतो तो विश्वासावर. तो विश्वास विकायला लावणं हा आमच्यावरचा अन्याय आहेच, त्या गृहस्थांवरचा त्याहून मोठा आहे. टार्गेटबद्दल संघटना बोलली की आम्हाला कामचोर म्हणतात. कामाला आम्ही नाही म्हणत नाही, फसवायला नाही म्हणतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अकराव्या करारात कामगिरीवर आधारित प्रोत्साहन भत्ता ठरला तेव्हा तत्त्व साधं होतं: बँकेचा नफा ठरावीक टक्क्यांनी वाढला की सगळ्यांना सारख्याच दिवसांचा पगार. नोव्हेंबर २०२४ मध्ये वित्तीय सेवा विभागाने वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांसाठी वेगळा नियम काढला, तोही संघटनांशी न बोलता. एका शाखेतल्या माणसांच्या कमाईला दोन मापं लावली की खालच्यावर दाब वाढतो, हा आमचा रोजचा अनुभव आहे. सरकारी बँकांच्या संचालक मंडळांवर कर्मचारी आणि अधिकारी यांचे प्रतिनिधी असावेत असं राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातच लिहिलेलं आहे, तरी या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या आहेत. आमच्या शाखेत झाडलोट करणारा, पाणी भरणारा, व्हाउचर शिवणारा माणूस चौदा वर्षं रोजंदारीवर आहे. तिजोरीची खोली उघडताना मी त्याच्यावर विश्वास टाकते, बँक त्याला हजेरीपटावर घेत नाही.

मार्च २०२५ मध्ये याच मागण्यांसाठी २४ आणि २५ तारखेचा संप ठरला होता. मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली, तुम्ही दोघेही तिथे होता. बोलणी पुढे चालू राहतील या भरवशावर संघटनांनी संप पुढे ढकलला. मार्चअखेरची कामं होती, ढकलला ते बरंच केलं, असं मी तेव्हा शाखेत सगळ्यांना पटवून दिलं. माझ्या शब्दावर मुलं थांबली. पुढचे दहा महिने ती मला विचारत राहिली, ‘मॅडम, काय झालं पुढे?’ जानेवारीतल्या बैठकांतूनही काही निघालं नाही, तेव्हा २७ ला आम्ही एका दिवसाच्या पगारावर पाणी सोडलं. माझ्या शाखेतल्या रोजंदारीच्या माणसाने त्या दिवशी आमच्याबरोबर उन्हात उभं राहून घोषणा दिल्या. संपावर जायची सक्ती त्याच्यावर कुणी केली नव्हती.

म्हणून आमचं मागणं स्पष्ट शब्दांत सांगते.

सगळ्या शनिवारच्या सुट्टीला मंजुरी द्या आणि तशी अधिसूचना काढा. ती निघते त्याच निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम २५ खाली, ज्या कायद्याने आम्ही खातेदारांचे चेक परत करतो. मंजुरी द्यायची नसेल तर का नाही ते लेखी, जाहीरपणे सांगा. ‘विचाराधीन’ हे उत्तर दोन वर्षांनंतर आम्हाला चालणार नाही.

लिपिक आणि शिपाई यांची भरती करा. ग्रामीण आणि तालुक्याच्या शाखांत किमान किती माणसं असलीच पाहिजेत ते ठरवा, आणि एखादी मोहीम आखताना ती कोण राबवणार हे आधी लिहा. वर्षानुवर्षं रोजंदारीवर असलेल्यांना कायम करा.

विम्याच्या पॉलिसींचं शाखानिहाय टार्गेट बंद करा.

प्रत्येक शाखेत सुरक्षारक्षक द्या. कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर तक्रार बँकेने स्वतःच्या नावाने द्यावी.

दुसऱ्या भाषेच्या राज्यात बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्याला कामाच्या वेळेत, बँकेच्या खर्चाने तिथली भाषा शिकवा. मराठीत फॉर्म द्या, मराठीत पावती द्या.

प्रोत्साहन भत्त्याचा तो आदेश मागे घ्या आणि जो बदल करायचा तो वाटाघाटीच्या टेबलावर करा. संचालक मंडळांवरच्या आमच्या जागा भरा.

निवृत्तांच्या पेन्शनमध्ये वेतन करारांप्रमाणे वाढ व्हावी, ही मागणी मी माझ्या पुढच्या वर्षासाठी करत नाही. माझ्या आधी या खुर्चीवर बसणारे हेड कॅशिअर ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांचं पेन्शन काढायला ते माझ्याच काउंटरवर येतात.

आमची संघटना, ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन, २० एप्रिल १९४६ ला स्थापन झाली. इंडियन बँक्स असोसिएशन त्याच वर्षी, २६ सप्टेंबरला. या वर्षी दोघांनाही ८० वर्षं होतील. १९ ऑक्टोबर १९६६ ला पहिला द्विपक्षीय करार झाला. त्याआधी आमचे पगार शास्त्री निवाडा, देसाई निवाडा अशा न्यायाधिकरणांतून ठरत. कोर्टकचेरी सोडून समोरासमोर बसून ठरवायचं आणि ठरलं ते दोघांनी पाळायचं, हा रिवाज तेव्हा पडला. साठ वर्षांत संप झाले, मोर्चे झाले, कडू बोलणी झाली, पण सही झाल्यावर ती पाळली जाईल ना, अशी शंका घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. शाखेतल्या नव्या मुलांना मी सही जुळवायला शिकवते. त्यांनी या सहीबद्दल विचारलं की मला उत्तर द्यावं लागतं.

येत्या ८ मार्चला रविवार आहे. त्याच्या आदल्या दिवशी, ७ तारखेला, महिन्याचा पहिला शनिवार. आमच्या गावचा बाजार असेल, सकाळी दहाला मी कॅश काउंटरवर असेन. तोवर तुमचं लेखी उत्तर आलं तर ते शाखेच्या सूचना फलकावर मी स्वतः लावीन, खातेदारांना वाचता येईल अशा उंचीवर.

आपली,
एक हेड कॅशिअर आणि संघटनेची शाखा प्रतिनिधी
सातारा जिल्हा, फेब्रुवारी २०२६